शून्य किंवा कितीही

दवाखान्यात दोन खोल्या होत्या. तपासणीचे एक टेबल, एक वजनकाटा, पाच माणसे बसतील असा एक बाक आणि अठरा खणांचे एक लाकडी कपाट. कपाटात सहाशे बेचाळीस कार्डे होती. हा आकडा अंदाजाने सांगितलेला नव्हता. भाचीने ती कार्डे एकदा पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत मोजली होती आणि एकदा उलटी, आणि दोन्ही वेळा तोच आकडा आल्यावरच तो वहीत लिहिला होता.

भाची म्हणजे डॉक्टरांची भाची, आणि डॉक्टर म्हणजे कुत्र्यामांजरांच्या डॉक्टर. संख्याशास्त्राची पदवी हातात पडून भाचीला दोन महिने झाले होते. नोकरी मिळेपर्यंत घरी बसून छताचे कोपरे मोजण्यापेक्षा दवाखान्याची कार्डे संगणकात घाल, असे मावशीने सुचवले, आणि अकरा दिवस खपून भाचीने सहाशे बेचाळीस कार्डांच्या सहाशे बेचाळीस ओळी टंकल्या.

ही कार्डे म्हणजे कंपाउंडरकाकांचे सत्तावीस वर्षांचे राज्य. त्यांची लिहिण्याची पद्धत ठरलेली होती. माहितीच्या प्रत्येक तुकड्यानंतर एक टिंब द्यायचे. लसीसाठी ‘ल’ लिहायचा आणि दिलेल्या प्रत्येक डोसाला त्याच्यापुढे एक चांदणी काढायची. एक चांदणी म्हणजे दुसरा डोस बाकी, दोन चांदण्या म्हणजे काम संपले. लस लागतच नसेल तिथे आडवी रेघ. म्हणजे पहिल्या खणातले पहिले कार्ड असे होते: ‘बटण. कुत्रा. पांढरा, एक कान काळा. ७.५ किलो. ल*.’ आणि शेवटी मालकाचा फोन नंबर.

मालकाचे नाव ते लिहीत नसत. “माणसं ओळखायला नाव लागतं,” ते म्हणत, “कुत्रा समोर असला की माणूस कोण ते आपोआप कळतं.”

मेलेल्या प्राण्यांची कार्डेही त्यांनी कधी काढली नव्हती.

“पण काका, ही मांजर तीन वर्षांपूर्वी गेली म्हणताय ना?”

“गेली म्हणून काय झालं? आपल्याच दवाखान्याची होती ती.”

आता अडचण अशी होती की मावशीला आणखी एक बाक हवा होता आणि कपाट हलल्याशिवाय बाकाला जागा नव्हती. शुक्रवारी दुपारी तिने निकाल देऊन टाकला.

“फ्रिजमध्ये चोवीस डोस आहेत. उद्या शनिवारी त्यांची मुदत संपते. पुढचा माल सहा आठवड्यांनी. ज्यांचा दुसरा डोस उद्या चुकेल, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तू संगणकावरून त्या सगळ्यांना निरोप पाठव. उद्या सगळे आले आणि दुपारी बारापर्यंत सगळ्यांना डोस मिळाला, तर सोमवारी कपाट माळ्यावर.”

“आणि नाही आले तर?” काकांनी विचारले.

“तर संगणक माळ्यावर.”

काकांनी कपाटाच्या अंगावरून एकदा हात फिरवला. “मीही चढतो मग माळ्यावर त्याच्याबरोबर,” ते म्हणाले. ते हसत होते, पण अर्धेच.

भाची कामाला बसली. प्रत्येक ओळ टिंबापाशी कापायची, म्हणजे सहा तुकडे मिळतील: नाव, प्राणी, खूण, वजन, लस, फोन. मग लसीच्या जागी ‘ल*’ शोधायचे आणि त्या ओळीतल्या फोनवर निरोप पाठवायचा. कापायला आणि शोधायला तिने रेगेक्स वापरायचे ठरवले. रेगेक्स म्हणजे आपल्याला हवा तो मजकूर कसा दिसतो, हे यंत्राला सांगणारी एक छोटीशी सांकेतिक ओळ. कॉलेजात ती दोन तासांत शिकवून झाली होती, आणि त्यातल्या एका तासाला भाची हजर होती.

तिने ‘टिंबावर काप’ असे लिहून बटण दाबले. पडद्यावर उत्तर आले. ओळी: ६४२. तुकडे: ०.

काका पाठीमागे उभे होतेच. “अकरा दिवस टंकून शून्य?”

“थांबा हो काका.”

“नाही, म्हणजे मला सांगितलं असतंस तर शून्य मी एका मिनिटात काढून दिलं असतं.”

भाचीने पुस्तक उघडले आणि तिचा चेहरा एकदम उजळला. आपले कुठे चुकले हे कळले की तिला बरोबर आल्यापेक्षाही जास्त आनंद होई. “काका, गंमत बघा! या भाषेत टिंबाचा अर्थ टिंब नाहीच. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. मी म्हटलं टिंबावर काप, तर त्यानं प्रत्येक अक्षर हे टिंबच समजून कापलं. सगळं कापून झाल्यावर शिल्लक काय राहणार?”

“न्हाव्याला मिशी तेवढी सारखी कर म्हणावं आणि त्यानं डोक्यापासून सगळं साफ करावं, तसं झालं म्हणायचं.”

“अगदी तसंच. आता टिंबाच्या आधी एक तिरकी रेघ द्यायची. म्हणजे त्याला कळतं की हे टिंब साधं टिंब आहे.”

“म्हणजे टिंबाला टिंब म्हणण्यासाठी आधी शपथेवर सांगायचं.”

तिने तिरकी रेघ दिली. आता तुकडे पडले. पहिलीच ओळ बटणची होती आणि पडद्यावर तिचे तुकडे एकाखाली एक उभे राहिले. नाव: बटण. प्राणी: कुत्रा. खूण: पांढरा, एक कान काळा. वजन: ७. लस: ५ किलो. फोन: ल*.

“लाव की फोन,” काका म्हणाले. “बघू कोण उचलतंय.”

साडेसात किलोच्या मधले टिंबही कापले गेले होते आणि पुढची सगळी माहिती एकेक घर सरकली होती. यावर भाचीला पंचवीस मिनिटे लागली. काकांच्या टिंबानंतर नेहमी मोकळी जागा असते, वजनातल्या टिंबानंतर नसते, हे तिच्या लक्षात आले. तिने ‘टिंब आणि त्यापुढे मोकळी जागा’ असे लिहिले. सहाशे बेचाळीस ओळी, प्रत्येकी सहा तुकडे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तिने ते वहीत लिहिले.

मग ती निरोपाकडे वळली. निरोप थोडा धाक घालणारा असावा, म्हणजे लोक येतात, असे मावशीचे मत होते. तिने लिहिले: ‘नमस्कार. आपल्या प्राण्याला दुसरी लस द्यायची आहे. उद्या शनिवारी सकाळी नऊ वाजता अवश्य घेऊन यावे. न आल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.’

शोधायच्या जागी तिने ‘ल*’ लिहिले. चाचणी घेतल्याशिवाय ती काहीच करत नसे, म्हणून तिने बटणच्या ओळीवर चाचणी घेतली. बटणला एक चांदणी होती. बटण सापडला. जो सापडायला हवा तो सापडतो, हे सिद्ध झाले. जो सापडायला नको तो सापडत नाही ना, हे मात्र तिने पाहिले नाही, आणि चार वर्षे नेमके हेच पाहायला शिकवणारे तिचे प्राध्यापक त्या वेळी तिथे नव्हते.

“झालं का गं?” बाहेरून मावशीने हाक मारली. “कुलूप लावायचंय मला.”

“झालं!” भाचीने बटण दाबले. पडद्यावर ‘पाठवला, पाठवला, पाठवला’ अशा ओळी भराभर वर सरकू लागल्या. ती चपला घालत असताना त्या सरकत होत्या, आणि पिशवी शोधत असतानाही सरकतच होत्या. तिला त्या ओळींचा अभिमान वाटला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने पडदा बंद केला. दवाखान्याला कुलूप लागले आणि त्यानंतर आतला फोन रिकाम्या खोलीत सात वाजेपर्यंत वाजत राहिला.

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भाची गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा तिला वाटले की कुणाकडे तरी लग्न आहे. मग तिच्या लक्षात आले की वऱ्हाडी भुंकतायत.

दवाखान्याच्या दारापासून निघालेली रांग औषधांच्या दुकानावरून, शिंप्याच्या दुकानावरून जाऊन कोपऱ्यावर वळली होती. कुत्री होती, मांजरी होत्या, कापडाने झाकलेले पिंजरे होते. दारात मावशी उभी होती आणि तिच्या हातातला चहा निवून गेला होता.

“किती जणांना बोलावलंस?”

“ज्यांना एक चांदणी आहे तेवढ्यांनाच.”

“ती किती?”

कपाटातली कार्डे दोनदा मोजणाऱ्या भाचीने तो एकच आकडा मोजलेला नव्हता.

“चोवीस,” काका शांतपणे म्हणाले. “मीच तर डॉक्टरांना चोवीस डोस मागवायला सांगितले.”

“मग हे काय आहे?”

“हे,” काकांनी रांगेकडे पाहिले, “चोवीसपेक्षा थोडे जास्त वाटतात.”

भाची रांगेच्या शेवटापर्यंत गेली आणि मोजत परत आली. चौऱ्याण्णव कुत्री, सत्तावन्न मांजरी, तेरा पक्षी, पाच ससे, तीन कासवे आणि एक रिकामा पिंजरा. एकूण एकशे त्र्याहत्तर. रिकामा पिंजरा एका निवृत्त मास्तरांच्या हातात होता.

“माझा पोपट दोन वर्षांपूर्वी उडाला,” ते म्हणाले. “पण तुमचा निरोप आला, तर म्हटलं सापडला की काय तुम्हाला.”

कुणीही घरी जायला तयार नव्हते. निरोपातल्या शेवटच्या वाक्याने आपले काम चोख बजावले होते.

“आमच्या मनीचे दोन्ही डोस झालेत, पण उगाच पहिल्यापासून नको बाई,” एक जण म्हणाली.

“अहो, हे कासव आहे,” दुसऱ्याने डबा पुढे केला. “चाळीस वर्षांचं आहे. याला पहिल्यापासून म्हणजे नक्की कुठून?”

भाची आत पळाली आणि संगणकासमोर बसली. पुस्तकाचे तेच पान पुन्हा उघडले. टिंबाच्या खालीच चांदणी होती. ती तिने वाचली, पुन्हा वाचली आणि कपाळाला हात लावला.

“काका, या भाषेत चांदणीचा अर्थ असा की, तिच्या आधीचं अक्षर शून्य वेळा किंवा कितीही वेळा.”

“बरं मग?”

“मग ‘ल*’ म्हणजे शून्य ल किंवा कितीही ल. ज्याच्या कार्डावर ल आहे तो सापडला. आणि ज्याच्या कार्डावर ल नाही, त्याच्या कार्डावर शून्य ल आहेतच ना! तोही सापडला. सहाशे बेचाळीसच्या सहाशे बेचाळीस सापडले.”

“हिशेबानं चूक नाही त्याची,” काका म्हणाले. “माझ्या खिशातही शून्य हिरे आहेत.”

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. एक ससा टोपलीतून सुटला, दोन कुत्र्यांच्या पायांतून निसटला, दारातून आत आला आणि थेट कपाटाखाली जाऊन बसला. त्याला काढायला सहा माणसे कपाटाला भिडली. त्यांत तालमीत जाणारा एक रिक्षावालाही होता. सहा जणांनी जोर लावला. कपाट बोटभरही हलले नाही. ससा आपल्या मनाने बाहेर आला, ते सुद्धा कुणीतरी गाजर दाखवल्यावर. मावशीने घाम पुसणाऱ्या सहा जणांकडे पाहिले, मग वर माळ्याकडे पाहिले.

भाचीने चांदणीच्या आधी तिरकी रेघ दिली. आता चांदणीचा अर्थ चांदणीच. या वेळी तिने आधी मोजले. उत्तर आले: ३८८.

“आता काय?” मावशीने दारातून विचारले. तिच्या खांद्यावर कुणाचे तरी मांजर होते.

“दोन चांदण्यांतही एक चांदणी असतेच. ते पण आलेत. एक मिनिट.” तिने पुढे आणखी एक अट घातली: ल, मग चांदणी, आणि त्यापुढे चांदणी नको. उत्तर आले: २३. मग तिने शुक्रवारी न केलेली गोष्ट केली. दोन चांदण्यांची तीन कार्डे आणि चांदणी नसलेली तीन कार्डे काढून ती सापडत नाहीत ना, ते पाहिले. सापडली नाहीत.

“तेवीस,” तिने जाहीर केले.

“चोवीस,” काका म्हणाले.

“काका, या वेळी मी सगळं तपासलंय.”

“काल पण तपासलं होतंस. शास्त्रज्ञबाई, पहिला डोस मी स्वतः माझ्या हातांनी दिलाय. चोवीस.”

वाद घालायला वेळ नव्हता. यादी छापून निघाली. काका बाकावर उभे राहिले आणि त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक दिली, “बटण! भूगोल! मामलेदार! थोरली काळी! धाकटी काळी!” हाक कुत्र्यांना होती, पण हात माणसांनी वर केले. यादी भाचीच्या हातात होती, तरी काका त्यातले एकही नाव वाचत नव्हते. ते रांगेकडे बघायचे आणि बोट दाखवायचे. भाची यादीत ते नाव शोधून खूण करायची. बावीस जण रांगेत होते. तेविसावा कोपऱ्यावर शिंप्याच्या दुकानात झोपलेला सापडला.

उरलेल्या दीडशे जणांचे काय करायचे, हा प्रश्न मावशीने सोडवला. “आलेच आहेत, तर वजन करून, नखं कापून पाठवू. नाहीतरी बोलावलं तर कोण येतं?”

मग वजनकाटा बाहेर आला. शिंप्याने खुर्च्या दिल्या. पाऊण तासात त्या गल्लीत एवढ्या ओळखी झाल्या की, थोरल्या काळीच्या मालकिणीने आणि मामलेदाराच्या मालकाने आपण एकाच शाळेत होतो हे शोधून काढले. रांगेत एक आजी हात रिकामे घेऊन उभ्या होत्या. त्यांची मांजर तीन वर्षांपूर्वी गेली होती.

भाचीने हात जोडले. “आजी, चुकून गेला हो निरोप. माफ करा.”

“असू दे गं. तीन वर्षांत तिचं नाव कुणी काढलं नव्हतं,” आजी म्हणाल्या. “कार्ड आहे का अजून? दाखवशील?”

काकांनी न विचारता नववा खण उघडला आणि दुसऱ्या मिनिटाला कार्ड त्यांच्या हातात दिले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तेविसाव्याला डोस देऊन झाला. फ्रिजमध्ये एक कुपी उरली. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी अठराच्या अठरा खण उघडले आणि एकेक कार्ड हाताने चाळले. भाचीने मदत करू का म्हणून विचारले, तर नको म्हणाले. पावणेबारा झाले. त्यांनी अठरावा खण लावला.

“किती?” भाचीने हळूच विचारले.

“तेवीस.” काकांनी शेवटच्या खणावरचा हात काढला नाही. “पण मी दिलेत गं चोवीस. मला आठवतंय. म्हातारा झालो की काय मी?”

जिंकल्याचा आनंद भाचीला झाला नाही, याचे तिलाच नवल वाटले. तिने वही मिटली. “तुमचा आकडा चुकला असं मला वाटत नाही. दोन्ही मोजण्या बरोबर असतील, तर कुठेतरी एक जण असा आहे ज्याला डोस आहे, पण कार्ड नाही.”

“कार्ड नाही असा या दवाखान्यात एकही—”

तेवढ्यात दारातून एक भला मोठा तपकिरी कुत्रा आत शिरला आणि त्याच्यामागे साखळीसकट ओढल्या गेलेल्या काकू. काकू म्हणजे कंपाउंडरकाकांच्या पत्नी. कुत्र्याने काकांच्या छातीवर दोन पाय ठेवले. त्याचे नाव ‘साहेब’ होते आणि घरात चालत असे तेही त्याचेच.

“अहो!” काकू दम घेत म्हणाल्या. “शेजारणीला निरोप, समोरच्यांना निरोप, वरच्या मजल्यावरच्या कासवाला निरोप! अख्ख्या गावाला बोलावलंत आणि घरच्या साहेबाला नाही? याचा दुसरा डोस या आठवड्यात आहे म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

मावशीने खांद्यावरचे मांजर खाली ठेवले.

“काका,” भाचीने विचारले, “साहेबाचं कार्ड कितव्या खणात आहे?”

काकांनी कपाटाकडे पाहिले, साहेबाकडे पाहिले, मग आपल्या चपलांकडे पाहिले. “घरच्याचं कसलं कार्ड करायचं,” ते म्हणाले. “मला पाठच आहे की तो.”

आधी काकू हसल्या, मग मावशी, आणि शेवटी काका स्वतः इतके हसले की साहेबाने घाबरून पाय खाली घेतले. बाराला सात मिनिटे असताना साहेबाला डोस मिळाला.

“कपाटाचं काय?” काकांनी डोळे पुसत विचारले.

“ते कोण चढवणार माळ्यावर? सहा जणांना सकाळीच बघितलं मी,” मावशी म्हणाली. “बाक बाहेर ठेवू या. लोक येतात आपल्याकडे, हे आता कळलंच आहे.”

दुपारी दार लोटून काकांनी चोवीस कार्डे टेबलावर मांडली. त्यांतले एक कोरे होते. त्यावर त्यांनी सावकाश लिहिले, प्रत्येक तुकड्यानंतर टिंब देऊन: ‘साहेब. कुत्रा. तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा. ३१.५ किलो.’ मग ल लिहून दोन चांदण्या काढल्या आणि घरचा फोन नंबर टाकला. बाकीच्या तेवीस कार्डांवर त्यांनी एकेक चांदणी वाढवली. ते कार्ड सरकवत आणि भाची तीच चांदणी संगणकात घाली.

“आता विचार त्याला,” ते म्हणाले. “माझ्यासमोर. आणि तिरकी रेघ विसरू नकोस.”

भाचीने तीन शोध लिहिले, तिन्ही ठिकाणी तिरकी रेघ आहे ना ते पाहिले आणि बटण दाबले. काका वाकून वाचू लागले.

एक चांदणी: ०. दोन चांदण्या: ३८९. चांदणी नाही: २५४. एकूण: ६४३.